कोरडा झाडू

माझे बाबा एका बुरशीमुळे गेले. भेटायला येणाऱ्यांना हे वाक्य नको असायचं. "हार्टचं होतं का गं?" "पुन्हा किडनीचंच निघालं ना?" मी म्हणायचे, नाही. यीस्ट. पाव फुगवायला घालतात तिच्या लांबच्या नात्यातली. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत राहते, झाडांच्या ढोलीत राहते, धुळीबरोबर नाकात जाते. मग समोरच्याच्या हातातला कप मध्येच थांबायचा आणि नजर आमच्या बाल्कनीच्या काचेकडे जायची. आई आतून ओरडायची, "पुरे आता तुझं भाषण."

भाषण नव्हतं ते. पण माझ्या तोंडून सगळं भाषणासारखंच निघतं, हे आईचं म्हणणं खोटं नाही. पुण्यात कॉलेजला असताना आमचा आठ-दहा जणांचा गट होता. कचरा, पाणी, प्लास्टिक, टेकडीवरची बांधकामं, जे हाती लागेल त्यावर आम्ही पत्रकं काढायचो. मी लिहायला तिथे शिकले. एका वाक्यात एकच गोष्ट. क्रियापद आज्ञेत. तीन मुद्दे झाले की थांबायचं, चौथा कोणी वाचत नाही. आणि 'कदाचित', 'शक्यतो', 'काही वेळा' हे शब्द दिसले की खोडायचे, कारण माणूस पळवाट शोधतच असतो, ती आपण त्याच्या हातात का द्यायची? आमचा सीनियर लाल पेन घेऊन बसायचा. माझ्या कागदावर लाल सगळ्यात कमी असायचं. मला त्याचा फार गर्व होता.

डिग्री घेऊन मी दुबईला आईबाबांकडे परत आले आणि एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून लागले. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांवर नंबर टाकायचे. घर इंटरनॅशनल सिटीत, तिसऱ्या मजल्यावर, एक बेडरूम आणि एक बाल्कनी. मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचे.

बाबा ड्राफ्ट्समन. तेवीस वर्षं इथेच, इंटिरियर करणाऱ्या कंपनीत. काम कधीच कॉम्प्युटरवर गेलं होतं, पण हाताचं अक्षर गेलं नव्हतं. दुधाची यादी लिहिली तरी ती नकाशाच्या कोपऱ्यातल्या मजकुरासारखी दिसायची. चार वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या बंद पडल्या आणि मुंबईला जाऊन आईने त्यांना तिची एक दिली. तेव्हापासून घरात किडनीचा मालकी हक्क हा रोजचा विनोद होता. बाबांनी लोणच्याच्या बरणीला हात लावला की आई म्हणायची, "माझ्या किडनीला विचारलंत का आधी?" बाबा पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवून म्हणायचे, "विचारलं. ती म्हणाली, बाईसाहेबांना कळू देऊ नका."

परक्याची किडनी शरीर बाहेर ढकलायला बघतं. ते ढकलू नये म्हणून गोळ्या. त्या गोळ्या शरीरातल्या पहारेकऱ्यालाच झोपवतात. बाबा सकाळी आठ आणि रात्री आठ, घड्याळ लावून घ्यायचे. मुंबईच्या हॉस्पिटलने घरी सोडताना एक इंग्रजी पुस्तिका दिली होती. आईने तिला शाळेच्या वहीसारखं ब्राउन पेपरचं कव्हर घातलं आणि देवाच्या फळीवर ठेवली. खाण्यापिण्याचं पान आम्ही वाचलं. पुढचं नाही. माझं इंग्रजी घरात सगळ्यात चांगलं. दुसऱ्यांनी माझी पत्रकं वाचली नाहीत की मी दोन दिवस धुमसायचे. त्या पुस्तिकेचं पुढचं पान मी उलटलंसुद्धा नव्हतं.

आता कबुतरं. इथल्या कुठल्याही जुन्या बिल्डिंगमध्ये राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एसीचं बाहेरचं युनिट आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा असते. तिथे सावली असते, खाली थेंब थेंब पाणी असतं. बाहेर पंचेचाळीस डिग्री तापलं असताना कबुतराला याहून चांगला फ्लॅट कुठे मिळणार? जाळी लावून द्या म्हणून मी मेंटेनन्सला चार ईमेल केल्या. चारही वेळा तेच उत्तर आलं, वुई विल लुक इन्टू इट. बाबा म्हणायचे, "अगं अंडी आहेत आत. पिल्लं उडू देत, मग बघू." पिल्लं उडायची, तोवर नवी अंडी. बाल्कनीच्या त्या कोपऱ्यात पांढरा-करडा थर साठायचा, उन्हात वाळून त्याच्या खपल्या व्हायच्या.

दर रविवारी सकाळी बाबा बादली घेऊन बाल्कनी धुवायचे. मूळचे चिपळूणचे, पाण्याशिवाय स्वच्छता ही कल्पनाच त्यांना पटायची नाही. बादली ओतायची, खराट्याने घासायचं, पुन्हा ओतायची. ते पाणी खालच्या मजल्यावर टपकायचं, आणि खालच्या मजल्यावर एक इजिप्शियन बाई राहायच्या, ज्यांची धुतलेली चादर नेमकी रविवारीच दोरीवर असायची. त्या मान वर करून ओरडायच्या, "खलास! खलास वॉटर! यल्ला!" म्हणजे पुरे, आटपा. बाबा कठड्यावरून वाकून हात जोडायचे. "सॉरी हबीबी, सॉरी." हबीबी म्हणजे लाडक्या.

आई आतून म्हणायची, "अहो, बाईमाणसाला हबीबी काय म्हणता?"

"मग काय म्हणू? वहिनी?"

खरं तर बाल्कनी धुवायची नाही, असा नियमच आहे. लिफ्टमध्ये इंग्रजी आणि अरबी नोटीस होती, कोणी वाचायचं नाही. मला त्या चादरीचं काही पडलं नव्हतं. मला पाण्याचा राग होता. या देशात नळाला येणारं पाणी समुद्राचं मीठ काढून केलेलं असतं. त्याला किती ऊर्जा जाते, मीठ परत समुद्रातच कसं टाकतात, याबद्दल मी वाचत होते आणि पेटत होते. आणि माझ्याच घरात माझाच बाप दर रविवारी तीन बादल्या कबुतरांच्या शीवर ओततोय!

मी पत्रक लिहिलं. इंग्रजी, हिंदी, मराठी. 'बादली नको, झाडू घ्या.' खाली तीन मुद्दे. बाल्कनी कोरडी झाडा. पाणी ओतू नका. शेजाऱ्याला सांगा. मथळ्याची अक्षरं बाबांनी काढली. कोपऱ्यात झाडूचं चित्रही त्यांचंच, एकेक काडी वेगळी. मी घाई करत होते तर म्हणाले, "पुढारीणबाई, रेघ सुकू द्या." घरात मला पुढारीणबाई म्हणायचे. इथे दारोदार कागद वाटत फिरता येत नाही, त्यामुळे मी बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि एक प्रत नातूरला, म्हणजे आमच्या वॉचमनला, देऊन लिफ्टमधल्या नोटिशीशेजारी लावून घेतली. बाबांच्या अक्षरामुळे लोक थांबून वाचायचे. समोरच्या रांगेतल्या बाल्कन्यांतून रविवारी पाणी टपकायचं बंद झालं. माझं एखादं पत्रक खरंच चाललं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं.

आता जे सांगायचंय ते मी फिरवून सांगणार नाही.

पत्रकानंतरचा पहिला रविवार. बाबांनी नवा झाडू आणला होता. बाल्कनीत उभे राहिले, त्या कोपऱ्याकडे बघितलं, आणि मला हाक मारून म्हणाले, "थोडं पाणी शिंपडून घेतो गं. चूळभर. वाळलंय सगळं, नाकात उडतं."

मी म्हटलं, "बाबा, लिफ्टमध्ये तुमच्या अक्षरात लिहिलंय. आणि तुम्हीच पाणी घेणार? लोकांनी बघितलं तर?"

"चूळभर म्हणतोय, बादली नाही."

"चूळभरपासूनच बादली सुरू होते."

हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं. बाबा हसले. पाण्याचा तांब्या आत ठेवून आले आणि कोरडं झाडायला लागले. मी फोन काढून व्हिडिओ घेतला, ग्रुपवर टाकायला. सकाळचं तिरपं ऊन, त्यात धूळ उठलेली, सोन्याची भुकटी उधळावी तशी. बाबा खोकतात, नाकावर मनगट धरतात, कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "हे घ्या पुढारीणबाई. तुमचा कोरडा झाडू." बावीस सेकंद. खाली बऱ्याच जणांनी अंगठे टाकले.

मग तो त्यांचा रविवारचा नेमच झाला. उन्हाळा गेला, हिवाळा आला.

जानेवारीत डोकं दुखायला लागलं. आधी एसीमुळे, मग चष्म्याच्या नंबरमुळे, मग कोपऱ्यावरच्या क्लिनिकमधले डॉक्टर म्हणाले सायनस. गोळ्या दिल्या. तीन आठवडे आम्ही सायनस म्हणत बसलो. एवढ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचं डोकं तीन आठवडे दुखतं आणि कोणाला पुढे बघावंसं वाटत नाही! त्या क्लिनिकवर मी अजून चिडते. मग आठवतं, की त्या तीन आठवड्यांत मीही रोज त्यांच्या समोर बसून जेवत होते. बाबा चिडचिडे झाले. गोळ्यांची वेळ विसरले, जे कधी झालं नव्हतं. एक दिवस ऑफिसमधून लवकर घरी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "एकच रेघ मारली की दोन दिसतात." त्याच संध्याकाळी उलट्या. टॅक्सी करून मोठ्या हॉस्पिटलला नेलं.

पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. ते दाबाने उडालं, असं नर्स नंतर म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी आम्हाला दोघींना खोलीत बोलावलं. केरळचे, मृदू बोलणारे, आईसाठी हिंदीत सांगत होते. स्क्रीनवर एक काळं चित्र होतं. ते पाणी काळ्या शाईत मिसळून बघतात. शाईत सगळीकडे काळोख, आणि त्यात गोल गोल पांढरी वलयं, प्रत्येकाच्या मध्ये एक ठिपका. दिसायला इतकं सुंदर की मला लाज वाटली.

"ये फंगस है. यीस्ट," डॉक्टर म्हणाले. "फेफड़े से जाता है, फिर दिमाग़ के पर्दे पे बैठता है. घर में कबूतर हैं?"

आई म्हणाली, "कबूतर किधर नहीं है, डॉक्टर?"

मग त्यांनी सावकाश समजावलं. ही बुरशी जगात सगळीकडे आहे. कबुतराच्या विष्ठेवर ती पोसते, कबुतराला काही होत नाही. वाळली की धूळ होते. तुम्ही-आम्ही कितीतरी वेळा ती श्वासातून घेतली असेल, शरीर तिला गुपचूप निपटतं. ज्याचं शरीर गोळ्यांनी शांत केलेलं आहे, त्याला निपटता येत नाही. "वाळलेलं झाडलं तर उडते. ओलं करून पुसलं तर कमी उडते. पण यांनी ते काम करायलाच नको होतं. ट्रान्सप्लांटच्या पुस्तिकेत असतं हे."

मी घरी येऊन देवाच्या फळीवरून पुस्तिका काढली. होतं. हात वारंवार धुवा आणि मातीत काम करताना हातमोजे घाला, या दोघांच्या मध्ये. पक्ष्यांच्या विष्ठेपासून दूर राहा. एक ओळ. आज्ञेत. एका वाक्यात एकच गोष्ट.

डॉक्टरांना मी एकटीने जाऊन विचारलं होतं, बाल्कनीतूनच आली का? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कधीच सांगता येणार नाही. झाडांतही असते, कुजलेल्या लाकडात, ढोलीत. ते बागेत वगैरे बसायचे का?"

बसायचे. रोज संध्याकाळी, घराजवळच्या छोट्या पार्कमध्ये, एका म्हाताऱ्या झाडाखालच्या बाकावर. दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता मी तिथे गेले. झाडाला खरंच ढोली होती, माझ्या खांद्याच्या उंचीवर. आत कोणीतरी करक चहाचे कागदी कप कोंबून ठेवले होते, त्याखाली भुसा. मी त्या झाडासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. ते झाड गुन्हेगार निघावं म्हणून मी अक्षरशः मनात त्याच्याविरुद्ध पत्रक लिहीत होते. वाळकं, पोकळ, बाकाच्या इतक्या जवळ, कोणी छाटलं कसं नाही! पाणी घालायला आलेला माळी म्हणाला, "मॅडम, कुछ गिर गया क्या अंदर?" मी नाही म्हटलं. फोनमध्ये तो व्हिडिओ होता. झाडाचा असा व्हिडिओ कोणाकडेच नव्हता.

औषधाचं तिसऱ्या दिवशी ठरवायचं होतं. बुरशी मारणारं मुख्य औषध सलाइनमधून द्यायचं, आणि ते किडनीवर बसतं. शिवाय पहारेकऱ्याला झोपवणाऱ्या गोळ्या कमी करायला लागणार, म्हणजे शरीर ती किडनी बाहेर ढकलू शकतं. डॉक्टर हे कसं सांगावं याचे शब्द शोधत होते. आईने त्यांना मध्येच थांबवलं.

"किडनी मेरा है ना? मैंने दिया है. जाने दो. आदमी बचाओ."

डॉक्टर खाली बघून कागद नीट करत राहिले. कॉरिडॉरमध्ये आल्यावर आई भिंतीला टेकली आणि स्वतःच्या डाव्या कुशीवर, जिथे व्रण आहे, तिथे हात दाबून धरला. मी जवळ गेले तर म्हणाली, "काही नाही. तू त्यांची पाण्याची बाटली भरून आण."

बाबांना आजाराचं, कबुतरांचं सगळं सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं, "कबुतरांचं काय चुकलं? इतकी वर्षं राहिली, कधी तक्रार नाही केली." पहिले दहा दिवस बरे गेले. डोकेदुखी थांबली, भात खाल्ला, नर्सच्या चार्टवरच्या रेघा वाकड्या आहेत म्हणून तिला चिडवलं. आम्हाला वाटलं, निघालो यातून. मग किडनी बंद पडली. डायलिसिस सुरू झालं. आईने त्या मशीनकडे एकदा पाहिलं, नंतर त्या बाजूला पाठ करूनच बसायची. मग डोळे. आधी दोन-दोन दिसायचं, मग धुरकट, मग एका सकाळी मला म्हणाले, "दिवा लाव गं." दिवा चालू होता. डोक्यातल्या दाबाने डोळ्यांच्या नसा गेल्या होत्या. त्यानंतर आठवडाभरात कानही.

मला त्यांना सांगायचं होतं. पहिल्या दिवसापासून. रोज ठरवून जायचे, आणि ते काहीतरी विनोद करायचे, किंवा आई तिथेच असायची, किंवा सलाइन बदलायची वेळ व्हायची. हजारो शब्द छापून लोकांना फैलावर घेणारी मी, दोन शब्दांसाठी महिनाभर वेळ काढला. आणि जेव्हा धीर झाला तेव्हा बाबांना ऐकू येत नव्हतं. मोठ्या अक्षरात लिहून दाखवावं तर दिसत नव्हतं.

दुपारची वेळ होती. आई पाठीमागच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. मी बाबांचा हात उलटा केला आणि तळव्यावर बोटाने लिहायला लागले. त्यांना लगेच कळलं की अक्षरं आहेत. चेहरा जागा झाला. एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लागले, ऐकू येत नसल्यामुळे जरा जास्तच मोठ्याने.

"मा."

मी पुढचं काढलं.

"झी. वेलांटी नीट वळव गं."

पुढचं काढलं.

"चू."

आणि त्यांनी मूठ मिटली. माझं बोट आतच राहिलं. शेवटचा 'क' मला लिहूच दिला नाही. मी ओढायला गेले तर आणखी घट्ट धरलं. अंगात ताकद नव्हती, ती आली कुठून?

"कळलं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आई जेवली का बघ."

काय कळलं? ढोबळ कळलं, की सगळं कळलं? तो रविवार, तांब्या, माझं ते वाक्य? की आजारी माणसाजवळ बसून पोरगी उगाच स्वतःला बोल लावतेय, एवढंच वाटलं? मी विचारू शकत होते, पुन्हा तळव्यावर लिहून. मूठ उघडली नाही. पाच दिवसांनी पहाटे हॉस्पिटलचा फोन आला.

अंत्यसंस्कार इथेच झाले. कंपनीतली माणसं आली, बिल्डिंगमधले आले. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई खिरीसारखं काहीतरी असलेलं झाकलेलं भांडं घेऊन वर आल्या. आईच्या गळ्यात पडून रडल्या. मग मला दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, "युवर फादर, व्हेरी गुड मॅन. आय सेड नो वॉटर, ही स्टॉप वॉटर. कम्प्लीट स्टॉप." मी थँक यू म्हटलं.

लिफ्टमधलं पत्रक मी उतरवलं. मागे चिकटपट्टीचा चौकोन राहिला. नवं लिहायला बसले. बाल्कनी झाडण्याआधी पाणी शिंपडा. शिंपडा, पण ओतू नका. घरात ट्रान्सप्लांट झालेलं, केमो चालू असलेलं कोणी असेल तर त्यांना झाडू देऊ नका. बाकीच्यांना फारशी भीती नाही. कबुतरांना मारू नका, जाळी मागा. झाडांतही असते. नक्की कुठून येते ते सांगता येत नाही. मुद्दे सात झाले आणि प्रत्येकात एक 'कदाचित'. सीनियरच्या लाल पेनाखाली त्यातलं काहीही वाचलं नसतं. अक्षर काढायला कोणी नव्हतं. मी ते टाइप करून ग्रुपवर टाकलं. एकाने विचारलं, समरी प्लीज?

तेराव्यानंतर पाहुण्यांचं येणं थांबलं. संध्याकाळी आई भाजी निवडत होती. मान खाली ठेवूनच म्हणाली, "त्या दिवशी त्यांच्या हातावर काय लिहीत होतीस?"

म्हणजे झोपली नव्हती.

मी सांगितलं. सगळं. बाबांनी पाणी शिंपडायचं म्हटलं होतं, मी नाही म्हटलं, लोक बघतील म्हटलं. व्हिडिओ घेतला. पुस्तिकेतली ओळ. रडले नाही, कारण रडले असते तर आईला मला समजवायला लागलं असतं, आणि ते काम तिला द्यायचं नव्हतं. आई देठ खुडत राहिली. मग हात पदराला पुसून म्हणाली, "दाखव."

मी फोन दिला. तिने बावीस सेकंद बघितले. मग पुन्हा लावलं, आणि यावेळी फोन कानाजवळ नेला, बघितलंच नाही. "हे घ्या पुढारीणबाई. तुमचा कोरडा झाडू."

"दुसरा आहे का कुठला? आवाज असलेला?"

नव्हता. आमच्याकडे बाबांचे फोटो पुष्कळ आहेत, बोलताना फक्त एवढंच. इतर सगळ्या व्हिडिओंत ते कॅमेरा धरून गप्प आहेत.

"मला पाठव हा," आई म्हणाली. आणि त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली.

भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढून ठेवायची. माझे ऑफिसचे कपडे इस्त्री करून ठेवायची. विचारलं तर मान हलवायची. बेडरूमच्या बंद दारामागून दिवसातून कितीतरी वेळा तो बावीस सेकंदांचा आवाज यायचा, मी सोफ्यावर बसून ऐकायचे. मी ओरडा खाण्याची तयारी करून ठेवली होती, तिच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं. तिने प्रश्नच विचारला नाही. अकरा दिवस.

पण व्हिसा कोणासाठी थांबत नाही. आई इथे बाबांच्या व्हिसावर होती. आता ती राहणार असेल तर माझ्या व्हिसावर, म्हणजे मी तिची स्पॉन्सर, हमी घेणारी. राहणार का, हेही तिने सांगितलं नव्हतं. मावशी रोज फोन करून चिपळूणला बोलवत होती. मी फॉर्म भरून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "उद्या व्हिसाच्या मेडिकलची अपॉइंटमेंट आहे. यायचं नसेल तर सांग, मी कॅन्सल करते." सकाळी उठले तर आई साडी नेसून, पर्स घेऊन दाराशी उभी होती.

मेडिकल सेंटरमध्ये बायकांची रांग वेगळी होती. काउंटरवर काळा पायघोळ अबाया घातलेली एक तरुण मुलगी, माझ्याच वयाची. पासपोर्ट चाळत तिने हिंदीत विचारलं, "हस्बंड का व्हिसा था, अम्मा?"

"था," आई म्हणाली.

मुलगी की-बोर्डवर बोटं ठेवून म्हणाली, "अभी स्पॉन्सर कौन है?"

मी पुढे होऊन कागद सरकवणार होते. सगळं त्या कागदावर लिहिलेलं होतं. आईने माझ्या हातावर हात ठेवून तो खाली दाबला. अकरा दिवसांत पहिल्यांदा तिने मला हात लावला होता. त्यात माया होती की नुसतं 'गप्प बस' होतं, मला अजून ठरवता येत नाही. माझ्याकडे बघितलं नाही. त्या मुलीकडेच बघत म्हणाली, "ये है. बेटी."

"और कोई फॅमिली मेंबर इधर?"

"नहीं," आई म्हणाली. "बस ये एक है."

मुलीने शिक्का मारला आणि एक्स-रेच्या खोलीकडे बोट दाखवलं. आईने बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि आत गेली.